समाजऋण फेडायचे कसे? रोजच्या जगण्यातले चार मार्ग

जयंतीच्या भाषणात एक वाक्य हमखास ऐकू येते : आपण समाजाचे देणे लागतो. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी मांडव निघतो आणि ते देणे नेमके कुणाला, कधी आणि कसे द्यायचे हा प्रश्न तसाच राहतो.

‘पे बॅक टू सोसायटी’ हा शब्दप्रयोग आपल्या वस्त्यांत रुजला तो मुख्यतः कांशीराम यांच्या बामसेफमुळे. ६ डिसेंबर १९७८ रोजी ही संघटना उभी राहिली. आरक्षणामुळे नोकरीत आलेल्या कर्मचाऱ्याने आपला वेळ, बुद्धी आणि पैसा यांतला वाटा समाजाला परत करावा, असा तिचा आग्रह होता. त्याच्या बावीस वर्षे आधी, १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल खंत व्यक्त केली होती. शिकून पुढे गेलेली माणसे मागे वळून पाहत नाहीत, हा त्या खंतीचा गाभा. ती आपण दरवर्षी आठवतो, पण बहुधा ती दुसऱ्या कुणाबद्दल आहे असे समजून.

आज वस्तीतला तरुण म्हणतो, “आधी नोकरी लागू दे, मग समाजासाठी करू.” हा लेख त्या तरुणासाठी आहे. कारण समाजाला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी पगारातून येतच नाहीत.

एक कागद, एक वर्ष

काही वर्षांपूर्वी मी ज्या वस्तीत काम करत होते, तिथल्या एका मुलीला बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश मिळाला. गुण चांगले होते. जात वैधता प्रमाणपत्र मात्र नव्हते. वडील बिगारी कामावर, गाव सुटून दोन पिढ्या झालेल्या. आजोबांचा जुना पुरावा हवा होता आणि तो कुठे शोधायचा हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मुदत संपली, जागा गेली. तिचे ते वर्ष शिकवणीच्या वर्गात झाडलोट करण्यात गेले.

नंतर कळले की तिच्याच गल्लीत एक निवृत्त तलाठी राहत होते. गावच्या तहसील कार्यालयात कोणती नोंदवही मागायची हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांना कुणी विचारले नाही. त्यांनीही कुणाला सांगितले नाही. त्या वर्षीच्या जयंतीची वर्गणी लाखाच्या घरात गेली होती आणि त्या समितीत मीही होते. पैसा होता, माहिती होती, माणसे होती. त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणारी रोजची सवय तेवढी नव्हती.

ती सवय कशी लावायची, याची एक जुनी चौकट आपल्याकडे आहे. राजगृहात सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला भगवान बुद्धांनी जो उपदेश केला, तो सिगालोवाद सुत्तात आहे. त्याच्या शेवटी माणसांना एकत्र धरून ठेवणाऱ्या चार गोष्टी येतात : दान, प्रिय वचन, अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे काम, आणि समानता. चालत्या रथाचे चाक निखळू नये म्हणून कण्याच्या टोकाला खीळ असते, तशा या चार गोष्टी आहेत असे तिथे म्हटले आहे. त्याच क्रमाने पाहू.

१. दान : थोडे, पण ठरलेले

आपल्या चळवळीचा पैसा नेहमी छोट्या हातांतूनच आला. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले त्यामागे राजर्षी शाहू महाराजांची अडीच हजार रुपयांची मदत होती, हे खरे. पण वसतिगृहे, परिषदा आणि वृत्तपत्रे पुढे चालली ती गिरणी कामगारांच्या, शेतमजुरांच्या आणे-पैशांवर. धारवाडच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्याची आठवण अजून घराघरात सांगितली जाते.

आज काय करता येईल?

• दरमहा ठरलेली रक्कम बाजूला काढा. वीस जणांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला चोवीस हजार होतात. एवढ्यात कितीतरी मुलांचे परीक्षा शुल्क, मुलाखतीला जाण्याचे एसटीचे भाडे, प्रमाणपत्रांच्या प्रतींचा खर्च निघतो. मोठी देणगी कधीतरी येते. शंभर रुपये दर महिन्याला येतात आणि त्यावर नियोजन करता येते.

• हिशेब विहाराच्या भिंतीवर लावा. बँक खाते दोघांच्या सहीचे असावे, प्रत्येक रुपयाची पावती असावी. धर्मादाय कामासाठी लोकांकडून तात्पुरता निधी गोळा करायचा असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. हे केलेले असले की “वर्गणीचे काय झाले?” हा प्रश्न भांडणाचे कारण होत नाही.

• नोंदणीकृत संस्थेला देणगी देणाऱ्या नोकरदारांनी ८०-जी ची पावती मागावी. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर त्यावर वजावट मिळत नाही, आणि ही वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच आहे.

• वस्तू देण्याआधी विचारा. चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ देण्याची पद्धत रुजली, ती चांगलीच आहे. पण वह्या डिसेंबरात जमतात आणि शाळा उघडते जूनमध्ये. जमलेल्या वह्या नीट ठेवून जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटल्या तर त्यांची किंमत दुप्पट होते.

• रक्त द्या. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेली निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या शिबिरांत गर्दी होते. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र रक्तपेढ्यांत टंचाई असते. आपल्या मंडळाने एक शिबिर मे महिन्यात ठेवून पाहावे.

२. प्रिय वचन : कसे बोलतो तेही दान आहे

मदत घेणाऱ्याची मान खाली जाईल अशी मदत करू नये. दप्तर देताना मुलाला मध्ये उभे करून सहा जणांनी फोटो काढायचा आणि तो समाजमाध्यमावर टाकायचा, हे आता थांबवायला हवे. ते मूल उद्या त्याच शाळेत जाणार असते. फोटो हवाच असेल तर वस्तूंचा काढा, हिशेबाचा काढा.

दहावीत नापास झालेल्या मुलाला वस्तीतला प्रत्येक जण उपदेश करतो. त्याला पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा हे सांगणारा एखादाच असतो. तो एक आपण व्हावे.

बोलण्यात ऐकणेही येते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आई-वडिलांचे बोट धरून गेलेली माणसे आता ऐंशीच्या आसपास आहेत. ती कशी गेली, वाटेत काय खाल्ले, परत आल्यावर गावाने कसे वागवले, देव्हाऱ्यातले देव कुठे नेऊन सोडले, हे त्यांच्याबरोबरच जाणार आहे. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. रविवारी तासभर बसा, परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा, नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत विहारात द्या. याला एक रुपयाही लागत नाही.

आणि पुढे पाठवण्याआधी तपासा. शिष्यवृत्तीची खोटी लिंक, बंद झालेल्या योजनेचा संदेश, बाबासाहेबांच्या नावावर खपवलेले वाक्य हे सगळे आपल्याच गटांतून फिरते. मूळ संकेतस्थळ पाहिल्याशिवाय पुढे न पाठवणे हीसुद्धा सेवाच आहे.

३. अर्थचर्या : कागदाचे काम

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गरज इथे आहे आणि सर्वांत कमी माणसे इथे येतात, कारण या कामाला ना मंच आहे ना हार. ज्याला मोबाइलवर अर्ज भरता येतो आणि दोन तास रांगेत उभे राहता येते, त्या प्रत्येकाला हे जमते.

जात प्रमाणपत्र आणि वैधता. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. तो शोधायच्या जागा अशा : आजोबा-पणजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, आणि गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाचे वैधता प्रमाणपत्र झालेले असेल तर त्याची प्रत वंशावळीसह जोडावी. काम पुष्कळ सोपे होते. विद्यार्थ्याने अर्ज अकरावी-बारावीतच करावा, निकालाची वाट पाहू नये. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. ‘बौद्ध झालात, आता सवलत नाही’ असे कुणी खिडकीवर म्हटले तर ही दुरुस्ती दाखवता आली पाहिजे.

शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि अर्ज महाडीबीटीवर भरतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पैसे अडकतात ते बहुधा तीन ठिकाणी : बँक खाते आधारशी जोडलेले नसते, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जाते, किंवा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून असतो. दर महिन्याला एकदा मुलांसोबत बसून अर्जाची स्थिती पाहणारा एक दादा किंवा ताई वस्तीत असली तर यातले बरेच अडथळे वेळेत निघतात.

शाळाप्रवेश. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांत पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या पालकांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. कितीतरी पालकांना हे माहीत नसते, ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालत बसतात आणि अर्जाची मुदत जाते.

माहितीचा अधिकार. वस्तीचा रस्ता कागदावर झाला आणि जमिनीवर नाही, तर भांडण्याआधी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवावा. उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

कायद्याची मदत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. मदत क्रमांक १५१००. अत्याचाराच्या घटनेत अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, तपास करून साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल करायचे असते आणि कलम १५-अ मध्ये पीडित व साक्षीदारांचे हक्क दिलेले आहेत. राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६६. अशा वेळी कार्यकर्त्याचे पहिले काम घोषणेचे नसते. पीडित कुटुंबासोबत ठाण्यात बसणे, प्रथम खबरी अहवालाची मोफत प्रत घेणे, वैद्यकीय कागद सांभाळणे आणि मोर्चा पांगल्यावर पुढच्या तारखांनाही सोबत जाणे, हे ते काम आहे.

या कामाला पथ्येही आहेत. अर्ज भरण्याचे पैसे घेऊ नका. मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका. ओटीपी आणि पासवर्ड विद्यार्थ्याच्याच हातात राहू द्या. “करून देतो” असे आश्वासन देऊ नका. “सोबत येतो” म्हणा. आणि दुसऱ्यांदा तोच अर्ज त्याच्याकडूनच भरून घ्या, म्हणजे तिसऱ्याचा अर्ज तो भरून देईल.

४. समानता : देणारा वर नाही, घेणारा खाली नाही

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. समाजकार्याच्या नावाखाली वस्तीत नवी उतरंड तयार होते. देणगीदार खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. पुरुष मंचावर, महिला खिरीच्या पातेल्याजवळ. विहार समितीत सही करण्याचा, हिशेब पाहण्याचा आणि बैठकीत पहिला बोलण्याचा अधिकार किती स्त्रियांना आहे, हे एकदा मोजून पाहा.

‘समाज’ म्हणजे कोण, हेही विचारायला हवे. फक्त आपल्या पोटजातीची, आपल्या गटाची, आपल्या नेत्याची माणसे? विहारातल्या मदत टेबलावर मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त, आदिवासी, मुस्लिम असा कुठलाही शेजारी येऊन बसू शकला पाहिजे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर मागितले गेले ते एका जातीसाठीचे पाणी नव्हते. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा, हे तिथे सांगितले गेले.

समानतेचे आणखी एक रोजचे रूप म्हणजे जिथे निर्णय होतात तिथे जाऊन बसणे. ग्रामसभेला जा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिच्या रूढ तारखा आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती कशावर झाली, एवढा एक प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या वस्तीतल्या एखाद्या ताईला तिथे निवडून जायला सांगा आणि पहिल्या बैठकीला तिच्यासोबत दारापर्यंत जा.

शहरात स्थिरावलेल्यांसाठी एवढेच : आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी द्या, कप वेगळा ठेवू नका, आणि त्यांच्या मुलांच्या शाळेची चौकशी करा. बाहेर समतेवर बोलणाऱ्याच्या घरातला हा हिशेब आधी चोख असावा.

सुरुवात : आठवड्याचे दोन तास

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. महाडचा संग्राम त्यानंतरचा. मुलांच्या राहण्याजेवणाची सोय लावणे हे काम तेव्हाही चळवळीबाहेरचे मानले गेले नव्हते.

आपल्याला वसतिगृह काढायचे नाही. एक वही आणि एक टेबल पुरे.

• वहीच्या पहिल्या पानावर वस्तीत कुणाला काय येते ते लिहा. परिचारिका, तलाठी, शिक्षक, वकिलाचा कारकून, बँकेतली ताई, संगणक येणारा मुलगा, गावाकडची कार्यालये माहीत असलेले आजोबा. प्रत्येकाला विचारा : महिन्यातून दोन तास द्याल का?

• दर रविवारी वंदनेनंतर दोन तास टेबल लावा. कुणी आले नाही तरी लावा. पहिले काही रविवार कुणी येत नाही. लोक आपण टिकतो का ते पाहत असतात.

• आलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवा : काय अडले, कुठे पाठवले, पुढची तारीख काय, शेवटी काय झाले.

• वर्षाचे पत्रक भिंतीवर लावा : जूनमध्ये शाळा आणि वह्या, निकालानंतर प्रवेश, त्यानंतर शिष्यवृत्ती, अकरावी-बारावीला वैधता, मे महिन्यात रक्तदान.

• एकट्याने सगळे ओढू नका. दोघांची जोडी ठेवा, पाळी लावा. थकलेला कार्यकर्ता चिडका होतो आणि मग लोक टेबलाकडे यायचे टाळतात. हे मी स्वतःवरून सांगते.

त्या मुलीच्या आजोबांची नोंद पुढे सापडली. निवृत्त तलाठी काका स्वतः तिच्या वडिलांसोबत तहसीलला गेले आणि कोतवाल बुकाची नक्कल घेऊन आले. तिला प्रवेश मिळाला, एक वर्ष उशिराने. ते वर्ष तिला कुणीच परत देऊ शकले नाही, पण त्याच महिन्यात विहारात वही सुरू झाली. तिच्या पहिल्या पानावर पहिले नाव काकांचे आहे. सुट्टीला घरी आली की ती मुलगी रविवारी टेबलावर बसते आणि समोर आलेल्याला पहिला प्रश्न विचारते, “अकरावीत आहेस ना? मग वैधतेचा अर्ज भरलास का?”

येत्या रविवारी आपल्या विहारात हा प्रश्न कोण विचारणार, एवढे आज ठरवा.

जय भीम.